काचबाई बोलायला लागल्या

केंद्रातल्या पोरांनी त्यांचं नाव काचबाई ठेवलं होतं आणि ते इतकं चिकटलं, की एकदा नव्या शिपायाने त्यांच्या टपालावरचं खरं नाव वाचून "या कोण बाई?" म्हणत तिन्ही मजले पालथे घातले. शेवटी टपाल त्यांच्या हातात आलं ते त्यांनी स्वतःच ओळखलं म्हणून.

नाव कामावरून पडलेलं. इंटरनेट ज्या तारेतून धावतं ती तार काचेची असते, केसाएवढी बारीक. ती तुटली की जोडावी लागते, आणि ती जोडायला शिकवणं हे बाईंचं काम. प्रशिक्षण केंद्राच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या वळणानंतरची शेवटची खोली त्यांची. काळे रबरी मॅट अंथरलेली लांब टेबलं, कारण काळ्यावर काचेचा तुकडा दिसतो. आणि दारावर पाटी, आत काही खायचं नाही, डोळ्यांना हात लावायचा नाही.

नव्या तुकडीचा पहिला तास ठरलेला असे. बाई वर्गात येत आणि विचारत, "इंटरनेट कुठे असतं?"

कोणी मोबाइल वर करी. कोणी म्हणे क्लाउडमध्ये. एखादा नुसतं छताकडे बोट दाखवी, जणू वरच्या मजल्यावर भाड्याने राहतंय. बाई काही बोलत नसत. सगळ्यांना घेऊन मागच्या आवारात जात, दोघातिघांना लोखंडी झाकण उचलायला लावत. खाली गुडघाभर गढूळ पाणी, आणि त्यातून गेलेल्या बोटाएवढ्या काळ्या केबली.

"इथे," बाई म्हणत.

मग त्या झाकणापासून पुढच्या झाकणापर्यंत, रस्त्याच्या कडेने, औषधाच्या दुकानासमोरून, वळणावरच्या खांबाला वळसा घालून, वरात निघाल्यासारखी सगळी तुकडी चालत चालत टेलिफोनच्या जुन्या इमारतीत पोचायची. तिथे कुलपातल्या थंडगार खोलीत माणसाच्या उंचीची लोखंडी कपाटं उभी, त्यात घोंघावणारे पंखे आणि लुकलुकणारे दिवे. "हा घ्या क्लाउड," बाई म्हणत. "जमिनीवर उभा आहे, आणि याला घाम येतो." पोरं हसत. तिथून केबल पुढे कुठे जाते असं कोणी विचारलं तर बाई उत्तर म्हणून भिंतीवरच्या नकाशात समुद्राच्या तळाशी ओढलेल्या रेघेवर बोट फिरवत. झाला तास. एवढ्या तासात बाईंची पाचदहा वाक्यं झाली तर डोक्यावरून पाणी.

कारण बाई बोलणाऱ्या नव्हत्याच. त्या दाखवणाऱ्या.

आणि दाखवायच्या ते बघत राहावं असं. केबलचं जाड आवरण काढून आतले रंगीबेरंगी धागे सुटे करायचे. त्यातल्या एकाचा रंग चिमट्याने सोलायचा, म्हणजे आत नुसती काच उरते, उजेडात धरली तर दिसते, नाहीतर नाही. स्पिरिटच्या फडक्याने ती पुसायची, ती किंचित किरकिरते. मग छोट्या पात्यावर तिचं टोक अगदी सरळ छाटायचं. अशी दोन टोकं स्प्लायसिंग मशीनच्या खाचेत समोरासमोर ठेवायची, झाकण लावायचं. मशीनच्या पडद्यावर ती दोन टोकं खांबांएवढी मोठी दिसतात. एक ठिणगी पडते, आणि दोन्हींचं एक होतं. सांधा कुठे होता ते सांगता येत नाही. बाईंच्या हातून हे असं होई, की जणू आधीच झालेलं होतं, त्यांनी फक्त फडकं बाजूला केलं.

हे हात तयार झाले होते गाडीत. तरुणपणी बाई टेलिफोन कंपनीच्या केबल दुरुस्तीच्या पथकात होत्या. सगळ्या पुरुषांत एकटी बाई. कुठे खोदकामात केबल तुटली की पथकाची गाडी निघायची. पुरुष खड्डा खणायचे, केबलचं टोक वर काढून गाडीत द्यायचे, आणि बाई खिडक्या लावून, दार ओढून आत बसायच्या. धूळ चालत नाही, वारा चालत नाही. बाहेर चहा, विड्या, शिव्या, हशा. आत बाई आणि काच. पथकाचा मुकादम म्हणायचा, "हिच्या हातावर माशी बसली तर माशीच कंटाळून उडेल." सांधा पूर्ण झाला की कुठल्यातरी अख्ख्या गावाचे बंद पडलेले फोन सुरू व्हायचे. ते गाव बाईंनी कधी बघितलेलं नसे, आणि गावाला बाईंची खबर असायचं कारण नव्हतं. बाई बोटं पुसून दार उघडत.

पुढे कंपनीने पथकं मोडली, कामं बाहेरच्या ठेकेदारांना दिली. बाई केंद्रात शिकवायला आल्या.

लग्नाचं दोनदा जमत आलं आणि दोन्ही वेळा गप्प बसण्यामुळे फिसकटलं. एकाला त्या गर्विष्ठ वाटल्या, दुसऱ्याला उदास. बाईंची आई फार बोलकी. ती म्हणायची, "तुझ्याशी बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकायचा आणि आवाज कधी येतोय याची वाट बघत बसायचं." तरी ती बोलायची, दोघींच्या वाटचं. आई गेल्यावर दोन खोल्यांच्या त्या घरात बोलणं असं उरलं नाही. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात, बायकोमुलीसह. दर रविवारी सकाळी त्याचा फोन.

"काय ताई, बरी आहेस?"

"बरी आहे."

"जेवण वगैरे?"

"होतंय की."

मग त्याची बायको दोन शब्द बोले, मग भाची "आत्या, हाय!" म्हणे, आणि रविवार संपला. बाईंचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. एकटं राहण्याचा त्यांना त्रास नाही असं सगळे समजत, आणि त्यात त्याही आल्या.

हात पहिल्यांदा हलला तेव्हा बाईंच्या हातात चहाचा कप होता. बशीवर कपाचा किणकिण आवाज झाला. बाईंनी इकडेतिकडे बघितलं, जणू दुसऱ्याच कोणाच्या कपाचा असावा. झोप नीट झाली नसेल, त्यांनी ठरवलं. मग जिना भरभर चढल्यामुळे असेल. मग हवेमुळे. मनाला समजवायचं म्हटलं की कारणांना काय तोटा!

वर्गात पहिली काच मोडली त्या दिवशी बाई शांतपणे म्हणाल्या, "बघा, अशीही मोडते." पोरांनी मान डोलावली. दुसऱ्यांदा मोडली तेव्हाही त्यांनी तेच म्हटलं. तिसऱ्यांदा मात्र म्हणवेना. मग त्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, कोपर टेबलाला दाबून, दहा मोडून एक साधून सांधे तयार करून ठेवू लागल्या. तासाला थोडं सोललं न सोललं केलं की पुढचा तयार तुकडा काढायचा: "आणि मग हे असं होतं." ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार आपण करतोय, हे त्यांना कळत होतं. पण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

शेवटी त्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना कागदावर गोल काढायला लावले, हात पुढे धरायला लावले, चालायला लावलं.

"बरोबर कोण आलंय?"

"कोणी नाही."

"बरं. घाबरायचं कारण नाही. तुम्हाला वाटतोय तो कंपवात नाही हा. नुसता कंप आहे. याने जीव जात नाही, पण हा जातही नाही. गोळी देते, थोडा कमी होईल. बारीक कामं टाळा."

"माझं काम बारीकच आहे," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हा घराण्यातून येतो बहुतेक. घरात आणखी कोणाला होता?"

"नाही," बाई म्हणाल्या.

जिना उतरताना मधल्या पायरीवर त्या थांबल्या. आईचा चमचा त्यांना ऐकू आला. शेवटची काही वर्षं आई अर्धाच कप चहा घ्यायची. भरलेला कप दिला की म्हणायची, एवढा नको बाई, झोप येत नाही. आणि चमचा कपाच्या कडेला लागून वाजायचा, वाजतच राहायचा. बाई आतल्या खोलीतून ओरडायच्या, "आई, नीट धर ना!" म्हातारपण, दुसरं काय, असं त्यांनी धरलं होतं. अख्ख्या जगाशी बोलणारी आई, पण या एका गोष्टीबद्दल तिने तोंडात मूग गिळले होते. खालून एक माणूस वर येत होता, तो म्हणाला, "जाऊ द्या ना ताई, बाजूला व्हा." बाई बाजूला झाल्या.

त्या वर्षीच्या तुकडीत एक मुलगा होता, वय एकोणीस, पण नाव काका पडलं होतं. कारण तो प्रत्येक गोष्टीला "का?" विचारायचा आणि कधीकधी दोनदा विचारायचा. दुसरा एक होता पैलवान. अंगाने आडदांड, बोटं केळ्याएवढी, आणि हातात घेतलेली प्रत्येक काच मोडणारा. बाईंनी त्याला पहिल्याच महिन्यात सोडून दिलं होतं. वाईट बोलून नव्हे. नुसतं त्याच्या टेबलाशी थांबणं कमी केलं होतं. ज्याच्या हातात नाही त्याच्या हातात नाही, अशी त्यांची समजूत.

एक दिवस बाईंनी तयार सांधा पुढे केला तेव्हा काकाने विचारलं, "बाई, आमच्यासमोर का नाही करत?"

त्याच्या विचारण्यात खोडी नव्हती, हेच वाईट.

"करते," बाई म्हणाल्या. त्यांनी चिमटा उचलला. पहिली काच मोडली. दुसरी सोलताना मोडली. तिसरी पात्यापर्यंत गेली, पण हात असा काही उडाला की तुटलेलं टोक अंगठ्याच्या मांसल भागात शिरलं. बाईंनी चौथी काच घ्यायला हात पुढे केला. तेव्हा पैलवान उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "बाई, राहू द्या."

इतक्या वर्षांत त्यांना पथकातल्या पुरुषांनी नाही नाही ते ऐकवलं होतं. पण "राहू द्या" असं कोणी म्हटलं नव्हतं.

त्या बाहेर गेल्या. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता, तिथल्या दिव्याखाली उभ्या राहून त्या चिमटीने काच काढायला लागल्या. एका हाताचा अंगठा, दुसऱ्या हातात चिमटी, आणि दोघांची गाठ पडेना. सफाईवाल्या मावशी बादली घेऊन आल्या. त्यांनी थोडा वेळ बघितलं, बादली खाली ठेवली, चिमटी काढून घेतली, बाईंचा अंगठा आपल्या डोळ्यांजवळ नेला आणि एका झटक्यात काच काढून टेपवर चिकटवली. केंद्रात इतकी वर्षं काढल्यावर काच टेपवर चिकटवायची असते, केरात टाकायची नसते, हे त्यांनाही माहीत होतं.

"हात केवढा कापतोय," मावशी म्हणाल्या. "थंडी वाजतेय का?"

"नाही. हा असाच राहणार आता."

"अगंबाई," मावशी म्हणाल्या, आणि बाईंचा हात त्यांनी लगेच सोडला नाही.

एवढंच झालं. पण एकदा तोंडातून निघालेलं दुसऱ्यांदा सोपं जातं. बाई वर्गात परत आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "माझा हात हलतो. आजार आहे, बरा होणारा नाही. उद्यापासून मी सांगणार, तुम्ही करणार."

कोणी "का?" विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकाने चिमटा हातात घेतला आणि बाई शेजारी उभ्या राहिल्या.

"असं धर," बाई म्हणाल्या.

"असं म्हणजे कसं?"

"असं. म्हणजे… घट्ट नाही. पण सैल पण नाही. असं."

काच मोडली. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की आपल्याजवळ सगळ्या विद्येला मिळून एकच शब्द आहे: असं. आयुष्यभर तेवढ्यावर भागलं होतं, कारण त्या शब्दामागे हात उभा असायचा. आता हात काढून घेतल्यावर शब्द पोकळ वाजत होता. त्या दिवशी टोपलीभर काच मोडली आणि एकही सांधा झाला नाही. प्राचार्य दारातून डोकावून गेले. काही बोलले नाहीत. पण न बोलून जे म्हणायचं ते म्हणाले.

बाई घरी एक जुनी केबल घेऊन गेल्या. जेवणाच्या टेबलावर काळं कापड अंथरलं, समोर खुर्ची ओढली, रिकामीच, आणि मोठ्याने बोलायला सुरुवात केली. "डाव्या हाताचा अंगठा… नाही. आधी कोपर टेकव. कोपर टेकवलं की खांदा सुटतो." हाताला जे माहीत होतं ते तोंडाने काढून घ्यायचं, म्हणजे मुक्याची साक्ष घेण्यासारखं. हात हळूहळू करायचा, मध्येच थांबवायचा आणि विचारायचं, तू आत्ता काय केलंस? मग कळायचं, की सोलताना आपण बोटांनी ओढतच नाही. बोटं नुसती धरतात, ओढतं ते कोपर. हे बाईंना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. कळल्यावर त्या एकट्याच "अरेच्चा!" म्हणाल्या.

रोज संध्याकाळी हे सुरू झालं. तिसऱ्याचौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई जिन्यात भेटली. तिचं मशीन बाईंच्या जेवणाच्या खोलीच्या बरोबर खाली.

"पाहुणे आलेत वाटतं? बोलणं ऐकू येतं वरून. बरं वाटलं हो."

आता काय सांगायचं? बाई म्हणाल्या, "हो. भाऊ आलाय."

"एकटाच? वहिनी नाही आल्या?"

"नाही. कामासाठी आलाय."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने बोलू नये, ते निस्तरता येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई रिकाम्या खुर्चीला सांगत होत्या, "घाई करू नको. झोपलेल्या पोराचं पांघरूण ओढतो ना, तसं ओढ. पोर जागं होता कामा नये." तेवढ्यात दार वाजलं. दारात शिंपीणबाई, हातात ताटलीत चिरलेली फळं.

"तुमच्या भावासाठी," ती म्हणाली, आणि सवयीने एक पाऊल आत आली. तिने टेबल बघितलं. काळं कापड, केबल, एक कप. समोरची खुर्ची. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि तिथे कोणी नव्हतं, हे दारातूनच दिसत होतं.

बाईंना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

शिंपीणबाईने ताटली टेबलाच्या कडेला ठेवली. "गेला वाटतं भाऊ?" ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "आत्ताच."

"चुकामूक झाली म्हणायची. तुम्ही खा मग. ताटली उद्या दिलीत तरी चालेल." आणि जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली गेला. थोड्या वेळाने खालचं मशीन सुरू झालं. बाई उभ्याच होत्या. फळं त्यांनी खाल्ली, सगळी, पण कशाची होती ते त्यांना नंतर आठवेना. ताटली परत करायला गेल्या तेव्हा त्या विषयावर एक अक्षर निघालं नाही, आणि त्यानंतरही कधी नाही. जिन्यात भेटल्या की शिंपीणबाई पूर्वीपेक्षा थोडं जास्त थांबायची, एवढंच. बाईंना ते बरंही वाटे आणि नकोसंही.

वर्गात मात्र शब्द कामाला लागले. सगळे नाही, काही सपशेल पडले. पण "कोपराने ओढ" म्हटल्यावर काकाचा हात सुधारला, आणि त्याने "का?" विचारल्यावर पहिल्यांदाच बाईंजवळ उत्तर होतं. मग एक दिवस त्या पैलवानाच्या टेबलापाशी जाऊन थांबल्या. कितीतरी दिवसांनी. तो दचकला.

"बाई, माझ्याकडून नाही होणार."

"कोण म्हणालं?"

त्याने मान खाली घातली. बाईंना कळलं कोण म्हणालं ते. न बोलताच म्हणालं होतं.

"कोपर टेकव," त्या म्हणाल्या. "खांदा सोड. तू दगड उचलत नाहीयेस. श्वास आत घेतलास ना? आता अर्धा सोड आणि थांब. आता ओढ, कोपराने. हां. आता खाचेत ठेवायची. वरून टाकू नको, बाजूने आण, टेकव. बोट वर उचलू नको, मागे घे. मागे."

ठिणगी पडली. पडद्यावर दोन खांबांचा एक खांब झाला. सगळी टेबलं सोडून पोरं गोळा झाली. पैलवान पडद्याकडे बघत होता आणि हात दोन्ही बाजूंना तसेच धरून उभा होता, खाली घेतले तर सांधा सुटेल अशा भीतीने. मग त्याने असा काही आरडाओरडा केला की वरच्या मजल्यावरचे सर खाली आले.

बाई हसल्या. पण त्या दिवशी घरी जाताना त्यांच्या मनात आलं, की आपण आजवर अशा किती जणांच्या टेबलांवरून नुसते पुढे गेलो असू. मोजायला त्यांनी सुरुवात केली नाही.

परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पोरांचे सांधे तपासले आणि समाधानाने मान हलवली. प्राचार्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, की पुढच्या वर्षीही असंच चालू ठेवा. खरंच पटलं म्हणून, की दुसरं माणूस मिळालं नाही म्हणून, देव जाणे. तुकडी पांगली. पैलवान एका ठेकेदाराकडे लागला असं ऐकलं. काका मोबाइलच्या दुकानात बसतो म्हणे.

आणि बाईंच्या घरात एक नवी अडचण उभी राहिली. इतकी वर्षं घरात शांतता असायची. आता घरात बोलायला कोणी नव्हतं. दोन्ही एकच वाटतं, पण एक नाही. सुट्टीतल्या लांबलचक दुपारी बाई स्वयंपाक करताना तोंडाने बोलून जायच्या, "झाकण अर्धं ठेव," आणि मग ऐकत राहायच्या.

अशाच एका दुपारी, रविवार नसताना, त्यांनी भावाला फोन लावला.

"ताई? काय झालं?" त्याचा आवाज घाबरलेला. मधल्याच वारी फोन म्हणजे कोणीतरी गेलं असणार.

"काही नाही. कामात आहेस का?"

"नाही, बोल. बरी आहेस ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "माझा हात हलतो. दीड वर्ष झालं. आईचा हलायचा तसा. डॉक्टर म्हणाल्या घराण्यातून येतो, म्हणून तुला सांगितलं."

पलीकडून काहीच आलं नाही. फोन कटला असं वाटून बाईंनी तो कानापासून दूर धरून बघितला.

"कुठला?" भावाने विचारलं.

"उजवा."

"माझा डावा," भाऊ म्हणाला.

बाई खुर्चीवर बसल्या.

"तीन वर्षं होतील," तो म्हणाला. "मी खिशात ठेवतो. ही म्हणते, काय मेलं सारखं खिशात हात घालून फिरता, हिरो आहात का? लेकीच्या लग्नाचं वय होत आलं, म्हणून म्हटलं कशाला बोभाटा."

"मला सांगायचंस."

"तू कधी सांगतेस काही?"

हे खरं होतं. मग भाऊ म्हणाला, "आईला मी एकदा बोललो होतो, सांडलं तेव्हा. सगळ्यांसमोर."

"मी रोज बोलायचे," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी फोन लांबला. भाऊ रडला थोडा, बाई नाही. गोळीचं नाव त्याने लिहून घेतलं. लिहिताना कागदाचा आवाज येत होता. शेवटी म्हणाला, "ये ना इकडे, राहा चार दिवस." बाई म्हणाल्या, "येते, नवी तुकडी लागली की बघते." त्या गेल्या नाहीत. तोही आला नाही. कोणाच्या मनात नव्हतं असं नाही. गाडी, रजा, भाचीची परीक्षा, असं काहीबाही येत गेलं. फोन पुन्हा रविवारी सकाळीच येऊ लागला. फक्त "बरी आहेस?" नंतर आता एक प्रश्न वाढला होता. "हात?" तो विचारायचा, आणि बाईही विचारायच्या, "तुझा?"

नवी तुकडी लागली. बाई आता खुर्चीवर बसून शिकवत, हात मांडीवर एकात एक धरून. बोलणं चांगलंच सरावलं होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काय चुकतंय ते त्या नुसत्या आवाजावरून ओळखून सांगत. चिमटा घसरला की तो वेगळा वाजतो.

पहिल्या रांगेत एक मुलगी होती, हुशार, हाताची चपळ. एकदा काच पुसता पुसता, मान वर न करता तिने विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः कधी केलंय का हो हे काम?"

दोघंतिघं हसली. मुलीच्या मनात काही नव्हतं. तिने बाईंना खुर्चीत बसून बोलतानाच बघितलं होतं.

"थोडंफार," बाई म्हणाल्या. "पुसून झालं का? मग छाट आता. आणि बोट मागे घे, पात्यावर येतंय."